पानावरचा परदेश

अभ्यंगस्नान आटोपले, फराळाची ताटे मांडून झाली, मुले फटाक्यांकडे पांगली, की आमच्या घरी दिवाळी अंकांची वाटणी होते. कोणी कथा धरतो, कोणी व्यंगचित्रे. राशिभविष्य आधी कोणी वाचायचे यावरून थोडी बाचाबाचीही होते. माझ्या वाट्याला प्रवासवर्णन येते, वयपरत्वे म्हणा किंवा निरुपद्रवी गृहस्थ म्हणून म्हणा. गेली कित्येक वर्षे एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन मी ही प्रवासवर्णने वाचीत आलो आहे. आल्प्सचे बर्फ, टेम्सचे पाणी, फुजीचे शिखर, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, सारे काही चकलीच्या सोबतीने पाहून झाले. पण माझी पेन्सिल अडते ती नेहमी एकाच ठिकाणी. लेखकाला भूक लागते, त्या ठिकाणी.

भूक लागली की आमचा प्रवासी लेखक अकस्मात बदलतो. चर्चच्या कमानीपुढे ज्याने दोन पाने शांतपणे डोळे उघडे ठेवले, त्याचीच ताटापुढे बसल्यावर नजर मिटते. अशा परिच्छेदांचे मी मनाशी काही प्रकार पाडले आहेत. पहिला विलापाचा. परक्या मुलुखात उतरून तीन दिवस होत नाहीत तोच लेखकाला वरणभात आठवू लागतो. समोर आलेल्या पदार्थाचे नाव विचारण्याआधी तो त्यात काय काय नाही याची खात्री करून घेतो, मान हलवतो, आणि खोलीवर येऊन पिशवीतले मेतकूट काढतो. वाचक हसतो, कारण मेतकूट त्याचेही असते. दुसरा प्रकार विशेषणांचा. खाल्लेली वस्तू 'अप्रतिम' होती, 'केवळ लाजवाब' होती, जिभेवर 'विरघळली'. काय विरघळले, कशाचे होते, कोणी केले होते, तिथली माणसे ते सकाळी खातात की रात्री, याचा पत्ता नाही. तिसरा हिशेबाचा. कॉफीच्या एका पेल्याचे रुपये केले जातात आणि तेवढ्यात आपल्या कोपऱ्यावर किती जणांना चहा पाजता आला असता, याचे त्रैराशिक मांडले जाते. आता यात चौथा प्रकार आला आहे. मोबाइलवर ताटाचा फोटो निघतो, आणि वर्णन झाले असे लेखक समजतो.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या दिवशी ही कसली किरकिर? प्रवासवर्णनात दोन घास चवीचे आले काय आणि न आले काय! पण मला ही बाब किरकोळ वाटत नाही. इमारत आपण बाहेरून पाहतो, चित्र दुरून पाहतो, नदी काठावरून पाहतो. परक्या मुलुखातली एकच वस्तू आपण आत घेतो, ती म्हणजे अन्न. एखाद्या देशाशी आपण किती जवळीक केली आणि कुठे अंग चोरले, हे त्याच क्षणी कळते. म्हणून प्रवासवर्णनाची परीक्षा मी त्याच्या ताटावरून करतो.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर परक्याचे अन्न हा कधीच हलका विषय नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या. त्या थंडीच्या देशात त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही आणि लुगडेही सोडले नाही. त्यांच्या ताटातला तो नेम म्हणजे स्वतःला दिलेला शब्द होता. त्यावर विनोद करण्याची कोणाची प्राज्ञा नाही. त्यांचेच यजमान गोपाळराव जोशी. त्यांनी १८९० साली पुण्यात केलेला उद्योग प्रसिद्धच आहे. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि सारे शहर ढवळून निघाले. टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसे त्या वादात सापडली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका चहाच्या पेल्यापायी! तिकडे गोव्यात याच्या उलट. १७३६ साली तिथल्या इन्क्विझिशनने जे जाहीरनामे काढले, त्यांत बाटलेल्यांनी हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, असेही एक कलम होते. म्हणजे भातात मीठ घातले की नाही यावर माणसाचा धर्म ठरत होता. असा ज्यांचा इतिहास, त्यांनी परदेशातल्या घासाचे वर्णन 'अप्रतिम' या एका शब्दात उरकावे, हे मला पटत नाही.

आपल्या वाङ्मयाच्या पंक्तीत खाण्याला मानाचे पान मांडून दिले ते पु. ल. देशपांडे यांनी. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली, मागोमाग 'पूर्वरंग' आले. 'माझे खाद्यजीवन' तर घरोघरी मोठ्याने वाचले गेले. पण त्यांना खाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, माणसांचे वेड होते. मागून आलेल्या आम्हा अनेकांनी त्यांचा सूर तेवढा उचलला आणि माणसे मागे ठेवली. त्यामुळे विनोद उरला, तो मात्र मेतकुटाचा.

'आम्हा अनेकांनी' असे मी म्हटले, ते सौजन्याने नव्हे. दुसऱ्याच्या लेखावर पेन्सिल फिरवण्याआधी माझा स्वतःचा एक लेख मला काढून दाखवला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी पोर्तुगालला गेलो होतो आणि आल्यावर अशाच एका दिवाळी अंकात लिस्बनवर लिहिले होते. लेख लोकांना आवडला. दोनतीन ठिकाणांहून पत्रेही आली. त्या लेखात एक परिच्छेद बाकल्यावविषयी होता. बाकल्याव म्हणजे कॉड नावाचा मासा, मीठ लावून लाकडासारखा कडक वाळवलेला. लिस्बनच्या बंदराजवळच्या रस्त्यावरून जाताना हे मासे दुकानात फळ्यांसारखे रचून ठेवलेले दिसतात आणि त्यांचा वास दुकानाच्या आधी भेटतो. मी लिहिले होते की, त्या वासाने माझ्या सात पिढ्यांचे प्राण कंठाशी आले; नाकाला रुमाल लावून मी रस्ता ओलांडला आणि मनातल्या मनात आईच्या हातच्या आमटीला नमस्कार केला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी एकांनी नेमके हेच वाक्य उतरवून घेऊन त्याला दाद दिली होती.

ते वाक्य खोटे होते. ते कसे खोटे, हे सांगण्यासाठी मला आधी जे घडले ते सांगावे लागेल.

लिस्बनमध्ये मी जुन्या वस्तीतल्या एका चढावरच्या घरात खोली घेऊन राहिलो होतो. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली बाई, विधवा. सोबत इंग्रजी शिकणारा एक नातू. डिसेंबर महिना होता. नाताळच्या दोन दिवस आधी बाईंनी त्या फळकुटासारख्या माशाचे तुकडे एका मोठ्या पातेल्यात पाण्यात टाकले. सकाळी पाणी बदलले, दुपारी बदलले, रात्री निजण्याआधी पुन्हा बदलले. दुसऱ्या दिवशी तोच क्रम. मीठ पुरते उतरायला हवे आणि तरी चव राहायला हवी. केव्हा थांबायचे ते बोटाने दाबून कळते, असे नातवाने मला समजावले. आपल्याकडे अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात, तीच निष्ठा.

हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही, हे मला तिथेच कळले. तो उत्तरेच्या थंड समुद्रातला. पोर्तुगीज कोळी त्याच्यासाठी शतकानुशतके पार न्यूफाउंडलंडपर्यंत जात. मोठे जहाज खोल समुद्रात उभे राही आणि एकेक माणूस एकेका लहान होडीत एकटा बसून, धुक्यात, गळ टाकून मासे धरी. महिनोन् महिने हे चाले. एकट्याच्या होड्यांची ही मासेमारी १९७४ सालापर्यंत चालू होती. इतक्या दुरून मासा घरी आणायचा तर मीठ लावून सुकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि कॅथलिक धर्मात मांस वर्ज्य असलेले दिवस पुष्कळ. त्या दिवशी मासा चाले. नाताळची आदली रात्र हाही मूळचा व्रताचाच दिवस. म्हणजे बाकल्याव हा तिकडचा उपवासाचा पदार्थ! आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी, त्यांच्याकडे खारा मासा.

चोवीस तारखेच्या रात्री बाईंनी मला जेवायला बोलावले. त्या रात्रीच्या जेवणाला ते 'कोन्सोआदा' म्हणतात. परका भाडेकरू अशा रात्री एकटा खोलीत जेवणार हे बाईंना मानवले नाही, एवढेच त्या आमंत्रणाचे कारण. उकडलेला बाकल्याव, सोबत उकडलेल्या भाज्या आणि अंडे, वर ऑलिव्हचे तेल आणि लसूण. मला पोर्तुगीज येत नाही, म्हणून बाई एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव सांगू लागल्या. बटाट्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, 'बताता'. पानांच्या भाजीवर बोट ठेवले, 'कोव्ह'. पावाच्या तुकड्यावर ठेवले, 'पांव'. फळांच्या ताटाकडे हात केला, 'अननाश'. बशीतल्या सुक्या मेव्याकडे केला, 'काजू'. मी हसत सुटलो. बाईंना वाटले मला शब्द गमतीचे वाटताहेत. मी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो हे त्यांना कसे कळावे? बटाटा, कोबी, पाव, अननस, काजू. हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले आणि इतके आपले करून टाकले की, कोणी परके म्हटले तर राग यावा.

शब्दच कशाला? आपल्या एकादशीचे ताट पाहा. खिचडीतली मिरची, शेंगदाणा आणि बटाटा, बाजूला उकडलेले रताळे, आणि आज आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही, यांतले एकूण एक पीक मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या सफरीनंतर ही पिके जगभर पसरली आणि आपल्या भागात ती आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा हात होता. ज्या दिवशी आपण सर्वांत सोवळे असतो, त्या दिवशी आपले ताट सर्वांत परदेशी असते. आणि ज्या पावाने विहीर बाटते असे आमच्या आज्या सांगत, तो पाव आज वड्याला पोटात घेऊन दादरपासून दापोलीपर्यंत उभा आहे. ही माहिती ग्रंथांत मिळते, हे खरे. पण ग्रंथात ती माहिती असते. त्या टेबलापाशी तिच्यावर कोणीतरी बोट ठेवले होते.

जेवणाच्या शेवटी भाताची खीर आली. 'अरोश दोस', म्हणजे गोड भात. दूध, साखर, लिंबाची साल, आणि घट्ट झालेल्या खिरीवर बाईंनी चिमटीतून दालचिनीची पूड सोडून नक्षी काढली. दोन बोटांतून पूड सोडण्याची ती लकब मी जन्मभर पाहत आलो होतो, फक्त ती उंबऱ्यापाशी आणि रांगोळीच्या पांढऱ्या पुडीची. मग बाई मध्यरात्रीच्या प्रार्थनेला निघाल्या. मी ताटे उचलायला लागलो तर नातवाने अडवले. त्या रात्री टेबल आवरीत नाहीत. घरातली गेलेली माणसे रात्री येतात, त्यांच्यासाठी ते तसेच ठेवायचे. तिथल्या काही घरांत अजून ही रीत आहे. कावळ्याच्या घासाची वाट पाहणाऱ्या माणसाला हे आणखी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण याच्या मध्येच, जेवण चालू असताना, एक प्रश्न आला होता. बाईंनी बाकल्यावच्या तुकड्याकडे बोट दाखवून नातवामार्फत मला विचारले, "तुमच्याकडे असा सुकवलेला मासा असतो का?"

आणि मी म्हणालो, "नाही. आमच्याकडे असले काही नसते."

माझी आई मालवणची. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की आमच्या घरात सुका बाजार निघे. वाळवलेले बोंबील, सुकट, सोडे, खारवलेला बांगडा. मेमध्ये आजोळी गेलो की वाळूत काठ्या पुरून त्यांवर दोरीला उलटे टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलताना मी पाहिलेले होते. वडिलांची नोकरी पुण्यात. आम्ही एका वाड्यात दोन खोल्यांत राहत असू. आई बोंबील भाजायला घेई तेव्हा आधी उठून खिडकी लावी. तरी वास जायचा तो जाईच, आणि समोरच्या खिडकीची दारे आपटून बंद होत. एकदा शाळेतला एक मित्र माझ्या दप्तराला वास येतो असे म्हणाला होता. तो गमतीने म्हणाला, मी ती गमत चाळीस वर्षे जपून ठेवली. लिस्बनच्या त्या टेबलापाशी, जिथे मला ओळखणारे चिटपाखरूही नव्हते, तिथेही ती गमत माझ्या तोंडातून बोलली. बाईंनी उदार मनाने मान हलवली आणि मला आणखी एक तुकडा वाढला. तो मी मन लावून खाल्ला, आणि त्याची चव मला पूर्ण ओळखीची होती.

मग मी घरी आलो आणि लेख लिहिला. त्यात बंदराजवळचा रस्ता आला, नाकावरचा रुमाल आला, आमटी आली. बाई आल्या नाहीत, पातेले आले नाही, न आवरलेले टेबल आले नाही. कारण ते आणायचे तर तो प्रश्न आणावा लागला असता, आणि प्रश्न आणला की उत्तर.

लेख आईने वाचून घेतला. तिला चष्म्यातूनही बारीक टाइप दिसत नसे, म्हणून मीच वाचून दाखवला. आमटीचे वाक्य आल्यावर मी तिच्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणि काय रे झिला, आमच्या सुक्या म्हावऱ्याक काय अत्तराचो वास येता?"

माझ्या वाट्याला आलेली सर्वांत नेमकी समीक्षा ती हीच. आता आई नाही, आणि त्या लेखाचा पुढे कोणी उल्लेख केला तरी मला तेवढेच एक वाक्य ऐकू येते.

त्या दिवसापासून मी आपली प्रवासवर्णने निराळ्या रीतीने वाचू लागलो. विलापाच्या परिच्छेदात 'आपले जेवण' असे शब्द येतात तिथे मी थांबतो आणि विचारतो, हे 'आपण' कोण? वरणभात, आमटी, मेतकूट, लिंबाचे लोणचे यांचा लेखकाला आलेला लळा खरा असेल तर मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही. आनंदीबाईंसारखा नेम असेल तर मी त्यापुढे वाकेन. पण महाराष्ट्र काही एकाच पंक्तीला जेवत नाही. देशावरची भाकरी-ठेचा, खानदेशचे भरीत, कोल्हापूरचा रस्सा, कोळीवाड्याचे कालवण, वऱ्हाडचे झुणका-आंबील, हे सारे घरून निघून परदेशी पोचते तेव्हा त्याची आमटी का होते? लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' लिहिले तेव्हा त्यात सामिष आणि निरामिष दोन्ही पाककृती एका पुस्तकात संकोचावाचून मांडल्या. पाकशास्त्राचे पुस्तक जितके मोकळे राहिले तितके ललित प्रवासवर्णन राहिले नाही. दिवाळी अंकाचा सगळ्यांत सोज्वळ वाचक डोळ्यांसमोर ठेवून आम्ही आमची जीभच बदलून घेतली. परदेशाचे वर्णन खोटे ठरण्याआधी घराचे वर्णन खोटे ठरलेले होते.

मग चांगले वर्णन कोणते? मी दोन प्रश्न विचारतो. पहिला: हा पदार्थ इथेच का? लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासून चाललेले एक दुकान आहे. तिथे अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सारणाची पापुद्र्यांची लहान वाटी मिळते, भट्टीतून निघालेली गरम, वर साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरून घ्यायची. 'विरघळली' असे म्हणून मोकळे होता येते, आणि ती विरघळते हे खरेच. पण जवळच जेरोनिमुश मठ आहे. पोर्तुगालात १८३४ साली मठ बंद झाले आणि मठांच्या मुदपाकखान्यांतल्या पाककृती बाहेर आल्या. मठांत अंड्यांचा पांढरा बलक कपड्यांना खळ करायला लागे, पिवळा उरे, म्हणून त्या देशाची इतकी पक्वान्ने पिवळ्या बलकाची, असे तिथे सांगतात. आणि त्याच मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. ज्या मसाल्याच्या वासाने हा मनुष्य आपल्या किनाऱ्याला लागला, त्यातलीच चिमूटभर दालचिनी त्याच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर गिऱ्हाईक आपल्या वाटीवर भुरभुरतो. हे कळल्यावर त्या वाटीची चव कमी होत नाही. थोडी कडवट होते, आणि तशीच ती असायला हवी.

पेयांचेही तसेच. लिस्बनमध्ये साओ दोमिंगोशच्या चौकापाशी एक इतके लहान दुकान आहे की आत उभे राहायला चार माणसांना जागा नाही. १८४० पासून तिथे 'जिंजिन्या' मिळते. आंबट चेरी मद्यात मुरवून केलेली, गोड, गडद लाल. विकणारा एकच प्रश्न विचारतो: फळासकट की फळाविना? लोक बोटभर पेला घेतात, रस्त्यावर उभ्यानेच पितात, बी थुंकतात आणि कामाला जातात. तिथे बसून गप्पा मारण्याची सोय नाही आणि पिऊन झिंगण्याचा हेतूही नाही. आपल्या कोकणात दुपारच्या उन्हातून आलेल्याला सोलकढीची वाटी देतात, तितकीच ती सहज. आणि चहा? पश्चिम युरोपातले बहुतेक देश त्याला 'टी'च्या जातीची नावे देतात; पोर्तुगीज म्हणतात 'शा'. आपल्या चहाच्या कुळातला शब्द, चीनमधून समुद्रमार्गे आलेला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२ साली इंग्लंडच्या राजाशी लग्न करून गेली. इंग्रजी दरबाराला चहाची गोडी लावण्याचे श्रेय तिला देतात. आणि तिच्याच हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांकडे गेले. म्हणजे चहा आणि मुंबई एकाच वरातीतून निघाली. हे मला तिथे बसून चहा पिताना आठवले, आणि त्या पेल्याचे रुपये करायचे राहून गेले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड: ते खाताना मी कोण होतो? परक्याच्या घरी पाटावर बसणारा माणूस आपले घर सोबत घेऊन बसतो. तो नुसताच चाखणारा नसतो. त्याचेही निरीक्षण चाललेले असते, आणि केव्हा ना केव्हा त्याला विचारले जाते, तुमच्याकडे कसे असते? त्या प्रश्नाला लेखकाने काय उत्तर दिले, यावर त्याच्या साऱ्या प्रवासवर्णनाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो असे मी मानतो. विशेषणे माफ करता येतील, हिशेबही माफ करता येतील. उत्तर चुकले तर पुढचे आल्प्स आणि टेम्सही संशयास्पद होतात.

दिवाळीत हे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपण ज्या करंज्या या चार दिवसांत करतो, त्याच गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला 'नेवऱ्या' म्हणून होतात. सारण तेच, मुरड तीच. या करंजीला कोणी परकी म्हणत नाही, कारण ती ताटातून शेजारी जाते आणि शेजाऱ्याच्या ताटातून परत येते. देवाणघेवाणीची ही रीत आपल्याला ठाऊक आहे. विमानात बसलो म्हणजे ती विसरायला हवी असे नाही.

यंदाच्या सुट्टीत पुष्कळ वाचक प्रवासाला जातील आणि त्यांतले काही पुढच्या वर्षी लिहितील. त्यांना माझे सांगणे इतकेच की, पदार्थ आवडला की नाही हे एका ओळीत उरका. वाढणारा हात कोणाचा होता, त्याने पातेल्यात पाणी किती वेळा बदलले, तो दिवस त्यांच्याकडे कसला होता, हे लिहा. आणि तुम्हाला तुमच्या घराविषयी विचारले असेल, तर दिलेले उत्तर लपवू नका.

मी माझे दुरुस्त करतो. बाई, होय, आमच्याकडे असतो तसा मासा. आम्ही त्याला बोंबील म्हणतो. तो पाण्यात दोन दिवस भिजवावा लागत नाही, निखाऱ्यावर भाजला की पुरतो. वर थोडे खोबरेल आणि चुरलेला कांदा. माझी आई तो भाजायची तेव्हा खिडकी लावून घ्यायची. ती खिडकी उघडायला मला लिस्बनपर्यंत यावे लागले, आणि तिथेही मी ती उघडली नाही.